आपण सतरा हजार चित्रांचे मालक!

मित्रांनो, तुमच्या नावावर प्रॉपर्टी किती आहे? हॉस्टेलवाल्यांचं उत्तर मला पाठ आहे. एक कुलूप, एक बादली, सीनियरकडून अर्ध्या किमतीत घेतलेला ड्राफ्टर आणि एक लॅपटॉप, ज्याचे हप्ते अजून घरचे भरताहेत. कॉटसुद्धा कॉलेजची! पण या यादीत एक नोंद सगळेच विसरतात. दिल्ली, मुंबई आणि बंगळुरू इथे मिळून आपल्या मालकीच्या १७ हजारांहून जास्त कलाकृती आहेत. चित्रं, शिल्पं, रेखाटनं, फोटो, सगळं काही. ज्यांचं एकेक चित्र आज लिलावात कोटींच्या भावाने जातं, अशा चित्रकारांची कामं त्यात आहेत. आणि आपण असले भारी मालक, की आपल्यातल्या बहुतेकांनी या इस्टेटीकडे एकदाही ढुंकून पाहिलेलं नाही!

मी बोलतेय ते नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टबद्दल, म्हणजेच राष्ट्रीय आधुनिक कला दालनाबद्दल. नाव लांबलचक असल्यामुळे सगळे एनजीएमए म्हणतात, मीही तेच म्हणेन. नावात 'राष्ट्रीय' आहे म्हणून आपण ते 'सरकारी' समजतो, आणि सरकारी म्हणजे कुणाचंच नाही हे आपलं जुनं गणित. माझं म्हणणं एवढंच आहे की हे गणित चुकीचं आहे. राष्ट्रीय म्हणजे आपलं, आणि आपलं असेल तर मालकासारखं वागायला हवं. मालक काय करतो? अधूनमधून जाऊन बघतो, हिशेब विचारतो, आणि आपल्या वस्तूचं काय करायचं हे दुसऱ्याने परस्पर ठरवलं तर आवाज उठवतो. आपण यातलं काहीच करत नाही.

"तुला मशीन डिझाइनमध्ये पास व्हायचंय की चित्रं काढायचीत गं?" असं माझ्या रूममेटने हा विषय ऐकून विचारलं. प्रश्न बरोबर आहे. मला चित्र काढता येत नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ड्रॉइंगच्या तासाला एक किटली आणि दोन सफरचंदं असत, ती वर्षानुवर्षं तशीच काढून आम्ही पुढच्या वर्गात गेलो. मोनालिसा कुठल्या म्युझियममध्ये आहे हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. लूव्र, पॅरिस! एका मार्काचा जी.के.चा प्रश्न. पण अमृता शेरगिलची चित्रं कुठे आहेत, नंदलाल बोस यांची कुठे आहेत, हा प्रश्न कधी कुठल्या पेपरात आलाच नाही. इंजिनिअरिंगला आल्यावर तर विषयच संपला. तेव्हा हा लेख म्हणजे माझ्या रूममेटला दिलेलं सविस्तर उत्तर समजा.

आधी थोडा इतिहास, कंटाळू नका. स्वतंत्र देशाचं स्वतःचं एक कला दालन असावं ही कल्पना १९४९ मध्ये पुढे आली. देशाची फाळणी नुकतीच झालेली, निर्वासितांचे लोंढे, अन्नधान्याची टंचाई, आणि त्यात काही लोक चित्रांचा विचार करत होते! पंडित नेहरू आणि शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी तो लावून धरला. २९ मार्च १९५४ रोजी उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते दिल्लीत दालनाचं उद्घाटन झालं. जागा होती इंडिया गेटजवळचं जयपूर हाऊस. हा वाडा १९३६ मध्ये जयपूरच्या महाराजांसाठी बांधला गेला. वरून पाहिलं तर पंख पसरलेल्या फुलपाखरासारखा आकार, मध्ये घुमट. राजाचं दिल्लीतलं घर अठरा वर्षांत जनतेचं घर झालं. मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे सत्ता बदलली म्हणजे काय झालं, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा या एका इमारतीतून जास्त चांगलं कळतं.

पहिले क्युरेटर होते हर्मन ग्योट्झ नावाचे जर्मन कला-इतिहासकार, ज्यांनी आधी बडोद्याचं म्युझियम घडवलं होतं. आणि पहिलं प्रदर्शन होतं शिल्पांचं. त्या पिढीतले मोठे शिल्पकार देवीप्रसाद रायचौधुरी यांचं 'ट्रायम्फ ऑफ लेबर' आज दालनाच्या आवारात आहे. हेच शिल्प चेन्नईच्या मरीना बीचवरही १९५९ पासून उभं आहे. चार मजूर एक अवजड खडक हलवताहेत, एवढाच विषय. आमच्या मेकवाल्यांनी हे एकदा बघाच. बळ कुठून कुठे जातंय, शरीराचा तोल कुठे आहे, पाय कुठे रोवलेत. अप्लाइड मेकॅनिक्सच्या पहिल्या युनिटचं फ्री बॉडी डायग्राम, पण त्यात घाम आहे! राजाच्या वाड्याच्या दारात खडक हलवणारे मजूर उभे केले, हे मला नव्या देशाचं सगळ्यात स्पष्ट भाषण वाटतं.

आता संग्रहाकडे येऊ. सगळं सांगत बसले तर अख्खा अंक पुरणार नाही, म्हणून तिघांबद्दलच सांगते.

पहिले राजा रविवर्मा. त्यांची मूळ तैलचित्रं इथे आहेत. पण रविवर्मा आपल्याला माहीत आहेत ते देवघरातून. १८९४ मध्ये त्यांनी घाटकोपरला छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. म्हणजे चित्र हे फक्त श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगायचं ही कल्पना आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच मोडली होती, आणि तीही एका मशीनने मोडली. प्रिंटिंग प्रेस नसता तर रविवर्मा राजवाड्यांतच राहिले असते. कला आणि इंजिनिअरिंगचा संबंध काय, असं विचारणाऱ्यांनी आजीच्या देवघरात डोकावावं.

दुसरी अमृता शेरगिल. १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्म, आई हंगेरियन, वडील शीख, शिक्षण पॅरिसला. १९३२ मध्ये तिने 'यंग गर्ल्स' हे चित्र काढलं आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं. चित्र काढलं तेव्हा तिचं वय होतं १९. म्हणजे आपण सेकंड इयरला एम-थ्रीची केटी काढत असतो ते वय! पण मला तिची खरी गोष्ट पुढची वाटते. पॅरिसचं पदक खिशात असताना ती भारतात परतली. १९३६-३७ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाली आणि वाटेत अजिंठा पाहिला. मी भुसावळची, आमच्यासाठी अजिंठा म्हणजे शाळेची सहल, पुरीभाजी आणि माकडं. जळगावपासून साठेक किलोमीटर. तिच्यासाठी मात्र त्या भिंती वळण ठरल्या. त्यानंतर १९३७ मध्ये तिने 'ब्रह्मचारी' आणि 'ब्राइड्स टॉयलेट' ही चित्रं काढली. त्यातले ते संथ, भरीव देह आणि मातीचे रंग बघितले की ती कुठे जाऊन आली होती हे सांगावं लागत नाही. १९४१ मध्ये लाहोरला ती वारली तेव्हा फक्त २८ वर्षांची होती. तिच्या चित्रांचा जगातला सगळ्यात मोठा साठा आज एनजीएमएकडे आहे, आणि १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली तिची चित्रं देशाबाहेर विकायला नेता येत नाहीत.

तिसरे नंदलाल बोस. यांच्याबद्दल मी जरा हक्काने बोलणार आहे, कारण आमच्या भागाचा त्यांच्याशी संबंध आहे. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच एका खेड्यात भरलं, ते खेडं म्हणजे आमचं फैजपूर. भुसावळहून जेमतेम वीस किलोमीटर, केळीच्या बागांमधलं. गांधीजींनी नंदबाबूंना बोलावून घेतलं आणि सांगितलं की इथलं सगळं गावात मिळणाऱ्या वस्तूंतून उभं करायचं. मग बांबू, चटया, गवत असल्या सामानातून टिळकनगर उभं राहिलं. सिव्हिलवाल्यांनो, लोकल मटेरियल आणि लो-कॉस्ट कन्स्ट्रक्शन यावर तुम्ही सेमिनार देता ना? मग रेफरन्समध्ये एका चित्रकाराचं नाव टाकायला हरकत नाही!

पुढे १९३८ मध्ये गुजरातेतल्या हरिपुऱ्याच्या अधिवेशनासाठी नंदबाबूंनी पोस्टर्स केली. हातकागदावर, जाड रेषांची, भडक मातकट रंगांची. ढोल वाजवणारा, शिंपी, सुतार, कुस्ती खेळणारे, घरकाम करणाऱ्या बायका. पुढाऱ्याचा चेहरा कुठेही मध्यभागी नाही. ही पोस्टर्स उघड्यावर लावलेली होती, अधिवेशनाला चालत आलेल्या शेतकऱ्यांना जाता-येता दिसावीत म्हणून. तिकीट नाही, गार्ड नाही, 'हात लावू नये' अशी पाटी नाही. ज्यांची चित्रं त्यांनाच दाखवायची, इतकं सरळ. नंदबाबूंची सुमारे ७ हजार कामं आज एनजीएमएच्या संग्रहात आहेत, त्यात हरिपुऱ्याची काही पोस्टर्सही आहेत. आणि २०१९ मध्ये ही पोस्टर्स कुठे झळकली माहिती आहे? इटलीत, व्हेनिसच्या बिएनालेमध्ये, भारताच्या दालनात. अभिमानाची गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण शेतकऱ्यांसाठी काढलेली चित्रं व्हेनिसपर्यंत जाऊ शकतात, तर जळगावपर्यंत का नाही येऊ शकत?

माझ्या लेखाचा खरा मुद्दा हा आहे. तो नीट मांडायचा तर आधी दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप पैशांचा. देशात एवढे प्रश्न असताना सरकारने चित्रं कशाला जमवायची? मेसमध्ये हा वाद झाला तेव्हा चौघांपैकी तिघे याच बाजूचे होते. त्यांच्यासाठी एक हिशेब. १९५४ मध्ये, म्हणजे एनजीएमए सुरू झालं त्याच वर्षी, एम. एफ. हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' नावाचं जवळजवळ चौदा फूट लांबीचं चित्र एका परदेशी डॉक्टरांनी दिल्लीत विकत घेतलं आणि नॉर्वेला नेलं. तिथल्या एका हॉस्पिटलात ते कित्येक वर्षं टांगलेलं होतं. २०२५ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ११८ कोटी रुपयांहून जास्त किमतीला गेलं. अमृता शेरगिलचं 'द स्टोरी टेलर' २०२३ मध्ये ६१.८ कोटींना विकलं गेलं. आज या भावाने संग्रह उभा करायचा ठरवलं तर कुठलंही सरकार हात वर करेल. पण त्या काळात कुणीतरी शहाणपणाने चित्रं जमवली, काही चित्रकारांच्या घरच्यांनी दिली, आणि हुसेन यांचं 'जमीन' हे १९५५ चं चित्र आज आपल्या दालनात आहे. चित्रांत 'गुंतवणूक' करा असं मला अजिबात म्हणायचं नाही. एकदा देशाबाहेर किंवा कुणाच्या बंगल्यात गेलेलं चित्र तुम्हाला-मला पुन्हा बघायला मिळेल याची खात्री नसते, एवढंच म्हणायचंय. दालनातलं चित्र मात्र भुसावळच्या टी.सी.च्या मुलीलाही बघता येतं, आणि तेही वीसेक रुपयांच्या तिकिटात. कॅन्टीनमध्ये एका वडापावचे तेवढे होतात.

दुसरा आक्षेप 'कळत नाही' हा. मॉडर्न आर्ट म्हटलं की आपला ठरलेला जोक असतो, चित्र उलटं टांगलं तरी कुणाला कळणार नाही. ठीक आहे. पण पहिल्या तासाला एन्ट्रॉपी तरी कुणाला कळली होती? तरीही आपण सरांना प्रॉक्सी न मारता बसलोच ना? (काही जण सोडून.) वासुदेव गायतोंडे यांचं उदाहरण घ्या. १९२४ मध्ये नागपूरला जन्मलेला हा माणूस रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचा आणि काढायचा. चित्रात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. मोबाइलवर बघितलं तर नुसता एक पिवळा किंवा राखाडी चौकोन दिसतो. समोर उभं राहिलं तर आतून उजेड आल्यासारखं वाटतं आणि आपण आपोआप गप्प होतो. स्क्रीन हा थर दाखवू शकत नाही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. नागपूरच्या किती इंजिनिअरिंग कॉलेजांत त्यांचं नाव माहीत असेल, याचा विचार तुम्हीच करा.

आता कुणी म्हणेल, १७ हजार कलाकृती आहेत तर सगळ्या बाहेर काढून का लावत नाहीत? इथे थोडं टेक्निकल समजून घेऊ, म्हणजे आपण उगाच ओरडणार नाही. कागदावरच्या चित्रांसाठी जगभर साधारण ५० लक्स उजेड हे प्रमाण मानतात. आपल्या वर्गात ट्यूबलाइटखाली ३०० लक्सच्या आसपास असतो. उजेडाने होणारं नुकसान साठत जातं. ५० लक्स, रोज आठ तास, नव्वद दिवस, म्हणजे ३६ हजार लक्स-तास त्या कागदाने सोसले. नंतर अंधारात ठेवलं म्हणून रंग परत येत नाही. मेकवाल्यांना फटीग आठवेल, प्रत्येक सायकल थोडं थोडं आयुष्य खातं आणि एके दिवशी शाफ्ट तुटतो. हवेतल्या ओलाव्याचंही तसंच. लाकडी चौकट फुगते-आकसते, कॅनव्हास ताणला-सैलावला जातो आणि वरचा रंगाचा थर तडकतो. म्हणून हरिपुऱ्याची पोस्टर्स कायमची भिंतीवर ठेवता येत नाहीत, त्यांना विश्रांती द्यावीच लागते. हे मान्य. पण यातून निघणारं उत्तर 'कुलूप लावून ठेवा' असं नाही. उत्तर आहे आलटून-पालटून दाखवा, आणि जास्त ठिकाणी दाखवा. दिल्लीत २००९ मध्ये नवी इमारत झाल्यावर जागा बरीच वाढली, त्याच वर्षी बंगळुरूला माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये शाखा सुरू झाली. म्हणजे मनात आणलं तर होतं.

आणि आता मुंबई. मुंबईचं एनजीएमए आहे फोर्टात, रिगल सिनेमाच्या समोर, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. (काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी वेगळी. निम्मे लोक दोन्हींत गोंधळ करतात, देणगी एकाच घराण्याची असल्यामुळे.) १९११ चा हा हॉल एकेकाळी सभा, मैफिली, समारंभ यांनी गजबजलेला असायचा. पुढे तो मागे पडला. मुंबईतल्या चित्रकार-शिल्पकारांनी, त्यात पिलू पोचखानावाला आणि केकू गांधी आघाडीवर, तो वाचवून तिथे राष्ट्रीय दालन व्हावं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. वास्तुविशारद रोमी खोसला यांनी जुन्या हॉलचं बाहेरचं कवच तसंच ठेवून आत एकावर एक मजले आणि गोलाकार जिने बसवले. वर चढत चढत शेवटी घुमटाखाली पोचायचं. १९९६ मध्ये ते खुलं झालं. थोडक्यात, हे दालन सरकारने आपणहून दिलं नाही, लोकांनी मागून घेतलं.

म्हणूनच २०१९ साली तिथे जे घडलं ते आपल्याला माहीत असायला हवं. मी तेव्हा शाळेत होते, नंतर वाचलं. ८ फेब्रुवारी २०१९ रोजी चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. बरवे म्हणजे कोकणातल्या नागावचे, घड्याळ, पान, चावी, कंगवा अशा रोजच्या वस्तूंना कॅनव्हासवर अनोळखी करून ठेवणारे, आणि 'कोरा कॅनव्हास' हे मराठी पुस्तक लिहिणारे. कार्यक्रमाला अमोल पालेकर होते. आपल्याला ते 'गोलमाल'मुळे माहीत, पण ते मुळात जे.जे.चे विद्यार्थी. भाषणात त्यांनी सांगितलं की मुंबई आणि बंगळुरूच्या दालनांच्या स्थानिक कलाकारांच्या सल्लागार समित्या २०१८ च्या नोव्हेंबरात बरखास्त झाल्या, आणि आता कुठलं प्रदर्शन लावायचं हे दिल्लीतून ठरणार. त्यांना व्यासपीठावरूनच मध्ये थांबवण्यात आलं. विषय सोडून बोलू नका, बरवेंबद्दल बोला, असं सांगितलं गेलं. दोन दिवस बातम्या झाल्या आणि मग नेहमीप्रमाणे शांतता.

त्या वादात दुसराही एक मुद्दा होता. बहुतेक मजल्यांवर एनजीएमएचा स्वतःचा संग्रह दाखवायचा आणि बाकी प्रदर्शनांना थोडीच जागा ठेवायची, अशी चर्चा होती आणि कलाकार त्यामुळे नाराज होते. खरं सांगू का, संग्रह दाखवायला हवा या मताची तर मीच आहे! अख्खा लेख त्यासाठीच लिहितेय. जळगाव, नांदेड, रत्नागिरीहून मुंबईला आलेल्या मुलाला कुठल्याही दिवशी शेरगिल, नंदलाल, गायतोंडे यांचं निदान एकेक चित्र बघायला मिळायलाच हवं. एक मजला कायमचा त्यासाठी ठेवा. पण काय लावायचं हे कुणाला विचारून ठरवायचं? मुंबईत काम करणाऱ्या, शिकवणाऱ्या, लिहिणाऱ्या माणसांना न विचारता दिल्लीच्या फायलीवर निर्णय होत असेल, तर चांगला निर्णयसुद्धा वरून लादलेलाच ठरतो. आणि बरवेंसारख्या चित्रकाराचं मोठं प्रदर्शन त्यांच्या मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी होतंय, त्याला पुढे जागाच उरली नाही तर नवीन संग्रह कशातून घडणार? संग्रह म्हणजे काही संपलेली गोष्ट नाही. १९५४ मध्ये शेरगिल आणि हुसेन हेही 'नवेच' होते. आज कुणाची चित्रं घ्यायची हे ठरवणारे लोक आपल्या नातवंडांनी काय बघायचं ते ठरवताहेत. एवढी मोठी गोष्ट तिऱ्हाइतावर सोडून आपण झोपायचं?

तर सांगायचा मुद्दा, मालक म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, मुंबईच्या दालनात संग्रहाचा एक मजला कायमचा हवा. दोन, निर्णयात स्थानिक कलाकार हवेत, आणि नुसते मान डोलावणारे नकोत. तीन, मूळ चित्रं नाजूक असतील तर उत्तम प्रतींचं फिरतं प्रदर्शन जिल्ह्यांच्या गावी आणि कॉलेजांत आणा, आणि पहिलं प्रदर्शन फैजपूरला करा! हे अशक्य नाही. एनजीएमएच्या संग्रहाची डिजिटल नोंद ज्या 'जतन' नावाच्या सॉफ्टवेअरवर झाली, ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये तयार झालंय. म्हणजे आपल्यासारख्याच कुणीतरी कॉम्प्युटरवाल्यांनी बसून ते केलं. प्लेसमेंटच्या वेळी आपण कुठल्या प्रोजेक्टवर काम करायचं याची स्वप्नं बघतो, त्यात हाही एक पर्याय असू शकतो हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सरकार ऐकेल तेव्हा ऐकेल. आपल्या हातात काय आहे? आपलं आय.व्ही.! मागच्या वर्षी आमची बस एका कारखान्याची भेट आटोपून दुपारी गेटवेला पोचली. चार तास मोकळे होते. कबुतरांबरोबर फोटो, कुलाबा कॉजवेवर चपला आणि कानातले, मग एका मॉलमध्ये एसीची हवा. गेटवेपासून एनजीएमए चालत पाच-सात मिनिटांवर आहे. साठ जणांपैकी एकालाही त्या दारात शिरावंसं वाटलं नाही, कारण ते आपल्यासाठी आहे हे कुणी कधी म्हटलंच नाही.

म्हणून स्टाफमधल्या सर-मॅडमना मनापासून विनंती आहे. पुढच्या आय.व्ही.च्या परवानगीच्या अर्जात एक ओळ वाढवा, 'एनजीएमए, दीड तास'. रिपोर्ट लिहायला लावू नका, नाहीतर मुलं तोही कॉपी करतील! आणि मित्रांनो, तुम्ही सुट्टीत मुंबईला किंवा दिल्लीला नातेवाइकांकडे जाल तेव्हा एक दुपार काढा. सगळं बघायची गरज नाही. एकच चित्र निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. आवडलं नाही तर तसं अभिप्रायाच्या वहीत लिहा, मालकाला तक्रार करायचा पूर्ण हक्क आहे.

फक्त सोमवारी जाऊ नका. त्या दिवशी दालन बंद असतं.